घरच्या कॉम्प्युटरवर बीटा ऑपरेटिंग सिस्टीम: हौस की फुकटची हमाली?

उपद्व्यापी (धागाकर्ता)

परवा एका चर्चेत कुणीतरी ठणकावून लिहिलं, "बाजारात न आलेली ऑपरेटिंग सिस्टीम घरच्या मशीनवर टाकणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. ज्यांना त्याचा पगार मिळतो त्यांनी ते करावं." मला हे अजिबात पटलं नाही, आणि तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. कंपनीच्या लॅबमध्ये असून असून किती तऱ्हेची यंत्रं असणार? घराघरांत जुने प्रिंटर असतात, कुठल्या तरी बंद पडलेल्या कंपनीची वायफाय कार्डं असतात, मधेच रॅम वाढवलेले लॅपटॉप असतात. या सगळ्यावर सिस्टीम चालते का, हे घरी चालवून बघितल्याशिवाय कळायचं कसं? आणि आपलं म्हणणं ऐकलं जाण्याची वेळ बीटाचीच, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी आवृत्तीचीच असते. मॅक ओएस टेनचा पब्लिक बीटा ॲपलने सप्टेंबर २००० मध्ये काढला. त्यात मेनूबारच्या मधोमध सफरचंद होतं, निव्वळ शोभेचं, क्लिक केलं तरी काही व्हायचं नाही. जुन्या मॅकवाल्यांनी आरडाओरडा केला आणि मार्च २००१ मध्ये अंतिम आवृत्ती १०.० आली तेव्हा ॲपल मेनू आपल्या डाव्या कोपऱ्यात परत, तोही चालता. सगळे जण "आधी बाहेर तर येऊ दे" म्हणत बसले असते तर हे झालं असतं का?

संशयात्मा

तो बीटा २९.९५ डॉलरला विकला होता, हे सोयीस्करपणे गाळलंत. म्हणजे लोकांनी पदरचे पैसे मोजून कंपनीचं काम केलं, आणि मे २००१ मध्ये तो बीटा आपोआप मुदतबाह्यही झाला.

उपद्व्यापी

१०.० घेताना बीटावाल्यांना जवळपास तेवढीच सूट मिळाली होती, हे तुम्हीही गाळलंत. फिट्टंफाट.

संशयात्मा

बरं, पैशांचं सोडा. "आपलं म्हणणं ऐकलं जातं" यावर बोलू. विंडोज १० चा ऑक्टोबर २०१८ चा अपडेट आठवतो का, १८०९ वाला? तो टाकल्यावर काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरमधल्या फाइल्स उडाल्या. ज्यांनी हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते पण काही फाइल्स जुन्या जागी राहिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर अपडेटने "आता याचं काय काम" म्हणून साफ केला. आतल्या फाइल्ससकट. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत अपडेट मागे घ्यावा लागला, तो पुन्हा आला थेट १३ नोव्हेंबरला.

आता मुद्द्याचं ऐका. इन्सायडर मंडळींपैकी (विंडोजच्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या हौशींपैकी) काहींनी हा प्रकार अपडेट बाहेर पडण्याआधीच फीडबॅक हब या तक्रारपेटीत कळवला होता. पण त्या तक्रारींना इतरांची मतं कमी पडली होती, म्हणून त्या ढिगात खाली राहिल्या. लाखो लोक फुकट राबतात आणि ज्याच्या फाइल्स गेल्या त्याची तक्रार मतदानात हरते! नंतर तिथे "किती गंभीर" हे सांगायची सोय केली म्हणे. बैल गेला आणि झोपा केला.

टर्मिनलवाली

संशयात्मा, उदाहरण बरोबर आहे पण निष्कर्ष उलटा काढताय. बग घरच्या लोकांनाच सापडला होता ना? वाचणारा झोपला म्हणून सांगणाऱ्याने सांगणं सोडायचं?

मात्र धागाकर्त्याच्या बाजूनेही मी पूर्णपणे नाही. "काय होईल, फार तर फॉरमॅट मारू" हे वाक्य नेहमी ऐकू येतं, आणि ते खोटं आहे. २००८ मध्ये लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) २.६.२७ तयार होत असताना उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे या लिनक्सच्या अवतारांच्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांपैकी काहींची इंटेलची नेटवर्क कार्डं मेली. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडला असं नव्हे, कार्डावरच्या कायमस्वरूपी मेमरीतला मजकूरच खराब झाला. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टीम शंभरदा टाका, कार्ड उठत नाही.

सुरुवातीला सगळ्यांचा संशय ई-१००० ई या ड्रायव्हरवर. खरा चोर भलताच निघाला: एफट्रेस नावाची, कर्नलच्या आत काय चाललंय ते टिपणारी सोय. ती चालू कोडमध्ये स्वतः बदल करते. एखाद्या मॉड्यूलचा (कर्नलला जोडलेल्या तुकड्याचा) सुरुवातीचा कोड काम झाल्यावर मेमरीतून काढला जातो, पण एफट्रेसच्या यादीत तो पत्ता तसाच राहिला होता. नेमक्या त्याच पत्त्यावर पुढे नेटवर्क कार्डाची मेमरी जोडली गेली, आणि एफट्रेसने तिथे लिहिलं.

म्हणजे चूक एकाची, मार दुसऱ्याला, आणि दुरुस्ती नव्याने सिस्टीम टाकून न होणारी. अंतिम २.६.२७ येण्याआधी ड्रायव्हरमध्ये ती मेमरी लिहिण्यापासून कुलूपबंद केली गेली, म्हणून सामान्य वापरणारे वाचले. ते वाचले ते कुणाच्या तरी कार्डाच्या जिवावर. ही किंमत आपण मोजू शकतो का, हे आधी ठरवा आणि मग हौस करा.

उपद्व्यापी

टर्मिनलवाली, झकास प्रतिसाद. पण यातून "थांबा आणि स्थिर आवृत्तीच घ्या" असं निघत नाही. उबुंटू १७.१० ही रीतसर प्रकाशित आवृत्ती होती. डिसेंबर २०१७ मध्ये तिचं डाउनलोड बंद करावं लागलं, कारण काही लॅपटॉपवर बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज सेव्ह होणंच थांबलं होतं. काहींना तर यूएसबीवरून मशीन सुरूही (बूट) करता येईना. तिथे मात्र चोर बायोसच्या मेमरी चिपशी खेळणारा एक ड्रायव्हरच. स्थिर हा शब्द पाकिटावर छापला म्हणून आतला कोड शहाणा होत नाही.

संशयात्मा

एका अपघाताने नियम ठरत नाही, राव. स्थिर आवृत्तीत अशी गोष्ट घडली की डाउनलोड बंद होतं, ओरड होते, लोकांची माफी मागितली जाते. बीटात घडली की "आम्ही आधीच सांगितलं होतं" असं उत्तर मिळतं. फरक जबाबदारीचा आहे.

निवांत

मी हौशी नाही, फक्त घरातल्या सगळ्यांचा कॉम्प्युटर सांभाळणारा एक माणूस. आमच्याकडे विंडोज ७ चा रिलीज कँडिडेट (बीटानंतरची, जवळपास अंतिम चाचणी आवृत्ती) होता. चालायचा छान, व्हिस्टापेक्षा कितीतरी सुसह्य, त्यामुळे हे तात्पुरतं आहे हेच सगळे विसरून गेले. मग १ मार्च २०१० उजाडला आणि मशीन दर दोन तासांनी आपोआप बंद व्हायला लागलं. मायक्रोसॉफ्टने हे आधीपासून जाहीर केलं होतं, १ जूनला तर पूर्ण मुदत संपणार होती, तेव्हा तक्रार काहीच नाही. पण ज्याने ते टाकलं त्याला हे ठाऊक होतं. अर्धं पत्र टाइप करून बसलेल्या आईला नव्हतं.

इथे सगळे "माझं मशीन, माझी जोखीम" म्हणताहेत. घरात एकच मशीन असेल तर ते "माझं" कधी झालं?

टर्मिनलवाली

+१. आणि मशीन वेगळं असलं तरी डेटा वेगळा असतोच असं नाही. विंडोज ७ च्याच जानेवारी २००९ च्या बीटात एक नमुनेदार बग होता: एमपी३ फाइलची माहिती, म्हणजे गायक, अल्बम वगैरे, बदलली जाताना गाण्याच्या सुरुवातीचे काही सेकंदच कापले जायचे. आणि ही माहिती मीडिया प्लेअर आपणहून भरू शकतो, तुम्ही बोटही न लावता. पॅच लगोलग आला, पण तोवर कापलं गेलेलं परत कुठून येणार?

"वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) टाका" हा सल्ला इथे कुचकामी ठरतो. बीटा बसलाय एका पार्टिशनवर, गाणी दुसऱ्यावर, पण दोन्ही दिसतात ना त्याला? लिहिण्याची परवानगी आहे ना? मग तुमची बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर तीही त्याच रांगेत. हल्ली तर क्लाउड सिंकमुळे घोटाळा त्या मशीनवर थांबतही नाही. बीटाने फाइल बिघडवली की बिघडलेली फाइल "नवी आवृत्ती" म्हणून बाकीच्या सगळ्या मशीनवर इमाने इतबारे पोचते. माझा नियम एकच: चाचणीच्या मशीनवर रोजच्या अकाउंटने लॉगिन करायचं नाही.

शिकाऊ०७

मग व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे आपल्याच सिस्टीमच्या आत चालणारं काल्पनिक मशीन) का नाही चालवत? आधी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, घ्यायचा, बिघडलं की मागे जायचं. एवढा वाद कशाला?

उपद्व्यापी

खिडक्यांचे कोपरे गोल झालेत का, एवढंच बघायचं असेल तर उत्तम. पण व्हर्च्युअल मशीनचं हार्डवेअर काल्पनिक आणि सगळ्यांचं जवळपास सारखंच. लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावर वायफाय परत येतं का, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर दोन मॉनिटरवर टिकतो का, बॅटरी किती चालते, यातलं काहीही तिथे कळत नाही. आणि घरच्या चाचणीचा खरा उपयोग तर इथेच.

संशयात्मा

शिकाऊ, तुम्ही खुशाल व्हीएमच वापरा. तुम्ही ज्याला "मागे जाणं" म्हणताय ते खऱ्या डिस्कवर किती अवघड असतं याचा एक नमुना. २०१७ मध्ये मॅकओएस हाय सिएराच्या बीटाने फ्यूजन ड्राइव्ह (एसएसडी आणि हार्ड डिस्क जोडून केलेल्या) एपीएफएस या फाइल साठवण्याच्या नव्या पद्धतीवर नेल्या. सप्टेंबरमध्ये अंतिम आवृत्ती आली तेव्हा फ्यूजन ड्राइव्हसाठी ती सोयच वगळलेली! ज्यांनी हौसेने बीटा टाकला होता त्यांना ॲपलच्या सूचना: बॅकअप घ्या, ड्राइव्ह पुसा, पुन्हा सगळं टाका. पुढे तर जाता येईना, मागे जायचं तर सगळं पुसून. विंडोजच्या डेव्ह चॅनलमधून (इन्सायडरांसाठीच्या कच्च्या आवृत्त्यांच्या गटातून) बाहेर पडायचं तरी बहुतेक वेळा कोरी स्थापनाच करावी लागत आली आहे.

आणि एक प्रश्न, उत्तर प्रामाणिक द्या. इथे बीटा वापरणाऱ्यांपैकी किती जण बग रीतसर कळवतात? "वायफाय चालत नाही" एवढंच नव्हे. कुठलं कार्ड, कुठला बिल्ड (आवृत्तीचा नेमका क्रमांक), काय केल्यावर बंद पडलं, पुन्हा तसंच केलं तर पुन्हा पडतं का, लॉग (सिस्टीमने ठेवलेली नोंद) कुठे आहे, हे सगळं. बाकीचे फक्त नवा वॉलपेपर मिरवतात.

उपद्व्यापी

वॉलपेपर मिरवणाऱ्यांचाही उपयोग होतो. ते काही लिहीत नसले तरी क्रॅशचे अहवाल त्यांच्या मशीनवरून आपोआप जातातच.

संशयात्मा

हो, इन्सायडर व्हायचं तर जादा डायग्नोस्टिक डेटा (मशीन कसं चालतंय याची माहिती) पाठवणं चालू ठेवावंच लागतं. तुम्ही याला उपयोग म्हणता, मी याला भाडं म्हणतो. इथे आपलं जमणार नाही.

शिकाऊ०७

भांडण चालू द्या, मला एक सांगा. जुन्या डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर रोजचं विंडोज, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे. दुसरीवर लिनक्सचा बीटा टाकायचाय. काय बघू?

टर्मिनलवाली

आधी बिटलॉकरची रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) किंवा बूटच्या सेटिंग्जना हात लागला की विंडोज ती ४८ आकडी की मागू शकतं, आणि ती त्याच मशीनमध्ये सेव्ह केलेली असेल तर बसा बोंबलत.

मग मशीन बंद करून विंडोजच्या डिस्कची केबल चक्क काढा आणि त्यानंतरच बीटा टाका. नाहीतर इन्स्टॉलर पुष्कळदा आपला बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूटसाठी राखलेल्या भागात, नेऊन ठेवतो आणि दोन्ही सिस्टीम एकमेकींत अडकतात. टाकून झाल्यावर केबल जोडा. कुठली सिस्टीम चालवायची ते बायोसच्या बूट मेनूतून निवडा. बिटलॉकर आहे तेही एका अर्थी बरंच, की दिल्याशिवाय बीटाला ती डिस्क वाचता येणार नाही. ती की लिनक्समध्ये टाकून डिस्क उघडायचा मोह होईल. तेवढं करू नका.