मदत हवी आहे: तीन देशांची 'मुस्लीम लोकसंख्या' एकाच तक्त्यात मांडता येईल का?

नमस्कार मंडळी,

युरोपातल्या मुस्लीम अल्पसंख्याकांवर लेख लिहायला घेतलाय. इंग्लंड-वेल्स, जर्मनी आणि फ्रान्स असा साधा तक्ता करायचा होता. आकडे मिळाले, पण शेजारी-शेजारी ठेवताना हात थांबलाय. 'मुस्लीम' कुणाला म्हणायचं हेच तिन्हीकडे वेगळं आहे.

इंग्लंड-वेल्सचं त्यातल्या त्यात सरळ. २००१ पासून जनगणनेत धर्म विचारतात, उत्तर ऐच्छिक. २०२१ मध्ये ३९ लाख, म्हणजे ६.५ टक्के. पण ६ टक्के लोकांनी उत्तरच दिलं नाही. त्यांना छेदात धरायचं की वगळायचं?

जर्मनीपाशी मात्र मी पुरता अडकलोय. ५३ ते ५६ लाख हा आकडा तिथल्या केंद्रीय स्थलांतर आणि निर्वासित कार्यालयाच्या, २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासातला. मुस्लीम वस्ती मोठी असलेल्या देशांतून आलेले लोक आणि त्यांची मुलं यांच्यातच ही मोजणी झाली. म्हणजे धर्मांतर केलेला, पण स्थलांतराची पार्श्वभूमी नसलेला जर्मन माणूस यात नाहीच. अलेवी (मुख्यतः तुर्कस्तानातला एक धार्मिक पंथ) मात्र आहेत, आणि त्यांच्यातले कित्येक जण स्वतःला इस्लामबाहेरचे मानतात. त्याआधीच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर टेलिफोन डिरेक्टरीतल्या नावांवरून माणसं निवडली होती. पुढे मुलाखतीत धर्म विचारला, हे खरं. पण ज्याचं नाव 'तसं' वाटत नाही त्याला फोन गेलाच नसणार. आपलं नाव वाचून कुणीतरी आपल्याला यादीत घेतं किंवा सोडतं, हे मला फार खटकतं.

फ्रान्सच्या जनगणनेत धर्माचा प्रश्नच नाही. त्यामुळे बरेच अंदाज आईवडिलांच्या मूळ देशावरून बांधलेले. अल्जीरियातून आलेल्या बापाची नास्तिक मुलगीही अशा बेरजेत मुस्लीम ठरते. २००८-०९ च्या 'त्राजेक्त्वार ए ओरिजिन' सर्वेक्षणात धर्म थेट विचारला होता, पण ते १८ ते ६० वयाच्या लोकांपुरतं.

नमुना सर्वेक्षणांचं काम केलेलं कुणी आहे का इथे? 'स्वतः सांगितलेला धर्म' आणि 'मूळ देशावरून धरलेला धर्म' असे दोन वेगळे तक्ते करावेत, की एकाच तक्त्यात व्याख्येचा रकाना जोडला तर चालेल? माझा कल दोन तक्त्यांकडे आहे. पण मग जर्मनी कुठे बसवू? तिथे आधी मूळ देश पाहिलाय आणि नंतर माणसाला विचारलंय.