दोन बॅकएंडना एकच नाव की वेगवेगळं?

धागाकर्ता: ओपनस्टॅक मनिला (शेअर, म्हणजे नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर, पुरवणारी सेवा), एकाच होस्टवर दोन एलव्हीएम बॅकएंड (लिनक्सच्या एलव्हीएमने डिस्क एकत्र करून केलेले साठे, शेअर यांत राहतात). कॉन्फिग फाइलच्या डिफॉल्ट विभागात एनेबल्ड_शेअर_बॅकएंड्स = एलव्हीएम१,एलव्हीएम२ आणि खाली दोघांचे स्वतंत्र विभाग. माझं मत: दोन्हीकडे शेअर_बॅकएंड_नेम एकच ठेवा, शेअर टाइपही (शेअर मागताना वापरकर्ता निवडतो तो प्रकार) एकच. जागा कुठे द्यायची ते शेड्युलर बघून घेईल.

बिटबहाद्दर: बघेल, पण फक्त मोकळी जागा बघेल. जुना बॅकएंड ७० टक्के भरलाय आणि नवा रिकामा, तर पुढचे शेअर एकामागून एक नव्यावरच जाणार आणि लिहिण्याचा सगळा ताण त्याच डिस्कवर. शेअर एकदा बसला की मनिला तो आपणहून हलवत नाही. नावं वेगळी, टाइप वेगळे. हाच सरळ मार्ग.

धागाकर्ता: मग नावं वेगळी असली की एक भरताच ‘नो व्हॅलिड होस्ट’ (योग्य जागा सापडली नाही) हा एरर, शेजारी टेराबाइटच्या टेराबाइट मोकळे असताना! वापरकर्त्याने कोणती डिस्क कुठली हे का पाठ करावं? रिझर्व्ह्ड_शेअर_पर्सेंटेज (किती टक्के जागा राखून ठेवायची ते) मुळात ० असतं, ते १० करा. तेवढी जागा नव्या शेअरना दिली जात नाही.

लॉगवाचक: एकच नाव चालेल, पण बॅकएंड खरोखर जुळे असतील तरच. एकाचं ड्रायव्हर_हँडल्स_शेअर_सर्व्हर्स (शेअरसाठी लागणारे सर्व्हर ड्रायव्हर स्वतः सांभाळतो का ते) ट्रू आणि दुसऱ्याचं फॉल्स असेल तर काही उपयोग नाही. हे मूल्य प्रत्येक टाइपमध्ये द्यावंच लागतं, त्यामुळे न जुळणारा बॅकएंड गाळला जातो. एसएसडी आणि साध्या डिस्कला एक नाव दिलं तर वेग नशिबावर.

आणि नावावरून भांडण्याआधी एलव्हीएम_शेअर_व्हॉल्यूम_ग्रुप (शेअर एलव्हीएमच्या कोणत्या डिस्क-गटात बनतील ते) तपासा. तो डिफॉल्ट विभागात लिहून भागत नाही, बॅकएंडचे विभाग तिथून काही उचलत नाहीत. दोन्हीकडे राहून गेला तर दोघेही ‘एलव्हीएम-शेअर्स’ हाच गट धरतात आणि तीच मोकळी जागा दोनदा मोजली जाते. पूल लिस्ट --डिटेल या कमांडमध्ये दोन ओळींत हुबेहूब तेच आकडे दिसले की समजा.

बिटबहाद्दर: हे मान्य. तरी जुळे बॅकएंड किती दिवस जुळे राहतात? एकाच्या डिस्क बदलल्या की संपलं.

लॉगवाचक: तेव्हा शेअर_बॅकएंड_नेम बदला, नवा टाइप काढा, सेवा रीस्टार्ट करा. चौकटी कंसातलं विभागाचं नाव मात्र बदलू नका. होस्टच्या पत्त्यात @ नंतर तेच येतं, आणि जुने शेअर जुन्याच पत्त्यावर अडकतात. बदललंच असेल तर मनिला-मॅनेज शेअर अपडेट_होस्ट चालवा.