जावा: ‘लाँग’ घेऊनही उत्तर उणे का येतं?

आईच्या भिशीची दर ३० दिवसांनी आठवण करून देणारा छोटा प्रोग्राम लिहितोय. मिलिसेकंद काढायला ३०*२४*६०*६०*१००० असा गुणाकार करून ‘लाँग’ (मोठे पूर्णांक मावणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवला. उत्तर: -१७०२९६७२९६! ३०च्या जागी २० टाकलं की बरोबर येतं. कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम) चकार शब्द काढत नाही. रात्रीचा दीड वाजलाय.

↳ उजवीकडचे सगळे आकडे ‘इंट’ (जावाचा नेहमीचा, लाँगपेक्षा लहान पूर्णांक) आहेत, म्हणून गुणाकारही इंटमध्येच होतो. इंट ३२ बिटांचा, कमाल २१४७४८३६४७. तुझं खरं उत्तर २५९२०००००० आहे, म्हणजे ते उलटून उणे झालं. लाँगची पाळी येते ती नंतर. तांब्यातून सांडल्यावर हंडा आणून काय उपयोग? पहिल्या ३०ला एल (L) चिकटव, म्हणजे तो लाँग होईल आणि गुणाकारही लाँगमध्ये होईल. मोठ्या लिपीतला हं, धाकटा (l) इंग्रजी 1 सारखा दिसतो. मी त्यात एक अख्खी दुपार घालवलीय.

↳ मी एल शेवटच्या १०००ला लावतो, चालतं की.

↳ इथे चालतं, कारण तोवर २५९२००० च झालेले असतात. आकडे बदलले की फसशील.

↳ चाललं! आता आईला मिलिसेकंद नकोत, मंगळवार हवाय.