डीएसपीचा पेपर सुटला, पण सिग्नल कधी ऐकलाच नाही

धागाकर्ती:
परवा धाकट्या भावाचा फोन आला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला (टीई), ई अँड टीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनला आहे, म्हणाला ताई उद्या डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग), आठ पॉइंटची बटरफ्लाय पाठ झालीये, फिल्टर ऑप्शनला टाकलेत. बटरफ्लाय म्हणजे सिग्नलच्या आठ आकड्यांवरून त्यात कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते काढायची बाणांची आकृती. बारा वर्षांपूर्वी आम्हीपण हेच केलं. बाणांवर ट्विडल फॅक्टर, म्हणजे गुणायचे ठरलेले आकडे, लिहायचे, एक उणे चिन्ह चुकलं की पुढचं सगळं चुकलं, शेवटी आठ आकडे येतात आणि ते आकडे सांगतायत काय हे ना कोणी विचारलं ना आम्ही विचारलं. मला मार्क चांगले पडले होते. पुढे नोकरीत आवाजावर काम करायला लागले तेव्हा एकदा तबल्याचा एकच खुला बोल रेकॉर्ड करून एफएफटीला (तेच बटरफ्लायचं गणित, कम्प्युटरवर) दिला तर स्क्रीनवर फ्रिक्वेन्सीचे सुळके मूळ सुराच्या जवळपास दुप्पट, तिप्पट, चौपट अशा जागी उभे! नुसत्या ताणलेल्या कातड्याचे असे येत नाहीत, तिथे १.५९ पट, २.१४ पट असं येतं, शाईमुळे तबला सुरात बोलतो आणि हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलंय, कम्प्युटर नसताना. खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. हे मला विसाव्या वर्षी का नाही दाखवलं?
माझं म्हणणं, आधी ऐकवा मग गणित. सेकंदाला ८००० सॅम्पल (आवाजाची मोजमापं) घेताना मधे फिल्टर न लावता ५००० हर्ट्झची शिट्टी दिली की ती ३००० ची होऊन बाहेर येते, हे कानाने एकदा ऐकलेलं पोरगं एलिअसिंग जन्मात विसरणार नाही. आणि आठ पॉइंटची गणितं पेपरातून काढून टाका.

मास्तर:
अठरा वर्षं हा विषय शिकवतोय. तबल्याचं एकदम मान्य, शेवटचं वाक्य अजिबात मान्य नाही. डीएफटी, म्हणजे हेच फ्रिक्वेन्सी काढायचं गणित, सरळ केला तर आठ पॉइंटला ६४ गुणाकार, बटरफ्लायने १२. फरक किरकोळ वाटतो, पण १०२४ पॉइंटला तेच १०,४८,५७६ विरुद्ध ५,१२० होतं. कुली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये हे मांडलं आणि सगळं शास्त्र बदललं, ते का बदललं हे हाताने बाण काढल्याशिवाय अंगात मुरत नाही. दुसरं, पायथॉनची एक ओळ लिहून घेतली की वीसच्या वीस जणांच्या फाईलमध्ये तोच ग्राफ, रंगसुद्धा तोच. कोणाला कळलंय आणि कोणी कॉपी केलंय हे मी कशावरून ओळखू? कागदावर तरी ते दिसतं.

धागाकर्ती:
सर, ६४ चे १२ का झाले हे विचारा ना मग! ते विचारतच नाहीत, दरवर्षी फक्त इनपुट बदलतं. आणि कॉपीचं म्हणाल तर प्रत्येकाने स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून आणायचा, दोघांचा 'आ' सारखा येणार नाही, ओरलला तोच ग्राफ समोर ठेवून विचारायचं की हा सुळका इथे का आहे.

टीईचा विद्यार्थी:
ताईंशी सहमत. पण एक विचारतो, आता सगळं न्यूरल नेटवर्कच करतंय तर हा विषय हवाच कशाला, त्यापेक्षा मशीन लर्निंगचे दोन पेपर ठेवा ना. आमच्यात बरेच जण हेच बोलतात.

धागाकर्ती:
नाही रे, इथे मी सरांच्या बाजूने. २०२२ मध्ये आलेलं व्हिस्पर घे, बोललेलं लिहून देणारं, मराठीपण घेतं. त्याला आवाज तसाच्या तसा देत नाहीत, १६००० सॅम्पलिंगला २५ मिलिसेकंदांचे तुकडे, म्हणजे ४०० सॅम्पल, दर १० मिलिसेकंदांनी एक, आणि प्रत्येकाचा स्पेक्ट्रम (कुठली फ्रिक्वेन्सी किती) काढून ८० पट्ट्यांत बसवून मग आत. विंडो (हा तुकडा) काय, ती लहान-मोठी केली की काय बिघडतं हे डीएसपीतच शिकतोस.

फर्मवेअरवाला:
मी मास्तरांच्या बाजूने आणि कारण अनुभवाचं आहे. ईसीजीच्या मशीनवर काम करत होतो, सेकंदाला ५०० सॅम्पल, श्वासाबरोबर बेसलाइन वरखाली होते ती काढायला ०.५ हर्ट्झचा चौथ्या ऑर्डरचा हाय-पास फिल्टर (त्याखालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) टाकला. लॅपटॉपवर झकास. सोळा बिटच्या कंट्रोलरवर चढवला तर आउटपुट वाढतच गेलं, रेषा पार छताला. दोन दिवस मी कोडमध्ये बग शोधत होतो, शेवटी कागद घेऊन झेड-प्लेनवर फिल्टरचे पोल मांडले (हे बिंदू एक त्रिज्येच्या वर्तुळाच्या, म्हणजे युनिट सर्कलच्या, आत असले तरच फिल्टर स्थिर) तेव्हा दिसलं की ते एकाला इतके चिकटून आहेत की कोएफिशियंट (फिल्टरचे गुणक) सोळा बिटात गोल केले की एखादा युनिट सर्कलच्या बाहेर जाणारच. मग दोन-दोन ऑर्डरच्या तुकड्यांत तोडला, कोएफिशियंट ३२ बिट केले, तेव्हा शांत झाला. हे लायब्ररी सांगत नाही हो. कॉलेजात झेड-प्लेन काढून काढून बोटं दुखली म्हणून तिसऱ्या दिवशी तरी सुचलं. पेशंटच्या छातीला लावायची वस्तू आहे ही.

धागाकर्ती:
तुमच्या या गोष्टीनंतर मी झेड-प्लेनला कात्री लावा असं म्हणणार नाही, उलट तो जास्त शिकवा. पण दादा, तुमच्या कामी पोल आले, बटरफ्लाय नाही! आणि गोल केल्यावर पोल सरकतो हा प्रश्न आमच्या पेपरात कधी आलाच नाही.

मास्तर:
हे मात्र खरंय, अभ्यासक्रमातला तो भाग शेवटी येतो आणि घाईत उरकतो आम्ही. आणखी एक सांगतो, नारायणगावजवळ खोडदला २८ फेब्रुवारीला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला उघडी असते, मुलांना नेतो मी. ४५ मीटरच्या ३० डिश, प्रत्येकीच्या सिग्नलची आधी एफएफटी, मग जोड्यांचा गुणाकार, ४३५ जोड्या. तिथे उभं राहून एक मुलगी म्हणाली सर हे तर आपलं बटरफ्लायच आहे. तिने हाताने केलं होतं म्हणून म्हणाली.
तबल्याची फाईल पाठवा, सोमवारच्या बॅचला लावतो. बटरफ्लाय पेपरात राहणार.

धागाकर्ती:
रात्री पाठवते. वर्गात एकदा हाताने करून घ्या सर, जरूर घ्या, पण दहा मार्कांना नको. भाऊ पेपर देऊन आला, बटरफ्लाय पूर्ण बरोबर आली म्हणतोय, मी विचारलं उत्तरातला पहिला आकडा कसला, तर गप्प. सगळ्या सॅम्पलची बेरीज असते ती, एवढंच.