प्रतिसाद: श्निट्झेल, राडेट्स्की आणि फुगलेलं कवच

श्निट्झेल म्हणजे वासराच्या मांसाचा पातळ तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचा व्हिएन्नाचा पदार्थ. ऑस्ट्रियन सेनापती राडेट्स्कीने १८५७ मध्ये मिलानहून ही पाककृती व्हिएन्नाला नेली असं या चर्चेत आलंय. ती दंतकथा आहे. १८३१ च्या पाककृतींच्या पुस्तकातही व्हिएन्ना पद्धतीचं श्निट्झेल सापडतं. शिवाय मिलानची कोतोलेत्ता (तिथला असाच घोळवून तळलेला वासराच्या मांसाचा तुकडा) हाडासकट आणि जाड असते, श्निट्झेल बिनहाडाचं आणि पातळ.

मुळात वासराचं मांस हा दुधाच्या धंद्याचा जोडभाग. गाय दूध देण्यासाठी वेत हवं, आणि नर वासरू पोसणं परवडत नाही. २००८ पासून युरोपीय संघात आठ महिन्यांपर्यंतच्या वासराच्याच मांसाला नुसतं 'व्हील' (इंग्रजीत veal, वासराचं मांस) म्हणता येतं.

तळल्यावर चुऱ्याचं कवच फुगत नाही, "कवच मांसाला चिकटून बसतं", या प्रश्नाचं उत्तर: मागच्या मांडीचा तुकडा मांसाच्या धाग्यांना आडवा कापून चार मिलिमीटरपर्यंत हलकेच ठोका. मीठ, मैदा, काट्याने जेमतेम फेटलेलं अंडं, मग पावाचा कोरडा चुरा. हा चुरा दाबायचा नाही, नुसता लागू द्यायचा. दाबला की वाफेला जागाच उरत नाही आणि कवच फुगत नाही. घोळवल्यावर लगेच तळा. ठेवून दिलं तर चुरा ओला होऊन लगदा होतो.

साजूक तूप १७० अंशांवर, तुकडा तरंगेल इतकं. तळताना पॅन सतत हलवून गरम तूप वर येऊ द्या. त्यानेच ती सोनेरी लाटांसारखी सुरकुती उठते. तूप कमी घातलं तर कडा करपतात आणि मधला भाग फिकाच राहतो.