पदकतक्त्यात आइस हॉकीचं पदक एकच धरायचं?

माहीमकर:
१९८०च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला ६ सुवर्णपदकं मिळाली. त्यातली ५ एकट्या एरिक हायडनची. स्पीड स्केटिंगच्या ५०० ते १०,००० मीटरच्या पाचही शर्यती त्याने मारल्या. सहावं आइस हॉकीचं. २० जणांचा संघ, बहुतेक कॉलेजची पोरं, आणि समोर लागोपाठ चार सुवर्णं नेलेला सोव्हिएत संघ. गोली, म्हणजे गोलकीपर, जिम क्रेगने ३६ फटके अडवले तेव्हा कुठे ४-३ झालं. तरी सुवर्ण पक्कं नव्हतंच, दोन दिवसांनी फिनलंडला हरवावं लागलं. तक्त्यात मात्र हायडनचे ५ आणि या वीस जणांचं मिळून १. मला हे पटत नाही. सांघिक पदकाला जास्त वजन हवं.

मी चर्चगेटच्या टर्फवर मैदानी हॉकीत गोलकीपर होतो. पॅड चाळीच्या गॅलरीत कठड्यावर वाळत टाकायचो. पावसाळ्यात चार-चार दिवस ओलेच, आणि तसेच बांधून खेळायचं. कॉलेजच्या अहवालात आमची अख्खी टीम म्हणजे ‘हॉकी, १ पदक’. त्याच पानावर एका जलतरणपटूची ४.

मुलुंडची ताई:
अहो माहीमकर, वजन म्हणजे नक्की किती? वीसपट? मग अमेरिकेची ६ ची २५ होतात, आणि सोव्हिएतची १० नि पूर्व जर्मनीची ९ कुठच्या कुठे मागे पडतात. एका स्पर्धेने तक्ता निकालात! उरलेल्या ३७ प्रकारांतल्यांनी मग उतरायचं कशाला? आइस हॉकीत मिनिटभरात लाइन, म्हणजे बर्फावरची तुकडी, बदलते, दमलेला बाकावर येऊन बसतो. हायडनला बाक नव्हता. १०,००० मीटर म्हणजे २५ फेऱ्या, आणि त्यात त्याने विश्वविक्रम केला. माझी लेक सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी साडेपाचला चाकांचे स्केट्स बांधते. तिच्या एका पदकाची किंमत कमी धरलेली मी ऐकून घेणार नाही.

माहीमकर:
ताई, वीसपट मीही म्हणत नाही. पण संधी मोजा ना. तिथे स्पीड स्केटिंगचे ९ प्रकार होते, आइस हॉकीचा १. बायकांची आइस हॉकी तर १९९८ला नागानोत आली. २०२२ला बीजिंगमध्ये फिनलंडच्या पुरुषांनी रशियन संघाला २-१ हरवून पहिलंवहिलं हॉकी सुवर्ण घेतलं. तक्त्यात फिनलंडची सुवर्णं २, नॉर्वेची १६. नॉर्वेचा हॉकी संघ तिथे पात्रसुद्धा ठरला नव्हता!

लालबागचा शेजारी:
तुम्ही दोघं ज्या तक्त्यावरून भांडताय तो ऑलिंपिक सनदेला, म्हणजे ऑलिंपिकच्या मूळ नियमावलीला, मान्यच नाही. तिच्यात साफ लिहिलंय, स्पर्धा खेळाडूंमधली, देशांमधली नाही. लेक प्लॅसिडला पूर्व जर्मनीची एकूण पदकं २३, सोव्हिएतची २२. सुवर्णं मोजा, सोव्हिएत पहिला. एकूण मोजा, पूर्व जर्मनी. २०२५ला अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आपल्या मुलींनी आइस हॉकीच्या आशिया चषकात कांस्य घेतलं. बहुतेक जणी लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. तुमचं वजन वाढवून त्यांना बर्फाची बारमाही रिंक मिळणार आहे का?

माहीमकर:
मिळेल, म्हणूनच तर बोलतोय! पैसा पदकं मोजून येतो. एका पदकासाठी वीस जणांचे स्केट्स, काठ्या, गोलीचे पॅड कोण घेऊन देणार? त्यापेक्षा एक स्केटर परवडतो. मॉस्कोच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये, त्याच १९८०मध्ये, आपलं एकुलतं एक पदक मैदानी हॉकीचं सुवर्ण होतं. सोळा जणांचं. त्याला ‘एक पदक’ म्हणताना जीभ अडखळत नाही तुमची?

मुलुंडची ताई:
नाही अडखळत. सोळांच्या सोळा जणांना ते मिळालं. लेक प्लॅसिडला चौथऱ्यावर आधी कप्तान माइक इरुझिओनी एकटाच होता. राष्ट्रगीत संपलं आणि त्याने हात करून सगळ्यांना वर बोलावलं. एका माणसापुरता तो चौथरा, त्यावर वीस जण एकमेकांना धरून कसेबसे उभे. तो फोटो मी लेकीच्या टेबलासमोर लावलाय. तक्त्यात तरीही १च लिहा.