गाडी तापली की बंद पडते, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलू का?

कपाशीवाला, पांढरकवडा
राम राम मंडळी. २०१० ची सात सीटर डिझेल गाडी आहे, कॉमन रेल इंजिन. सकाळी झकास चालते, दुपारी तापली की चालता चालता बंद. अर्धा तास बोनेट उघडं ठेवलं की पुन्हा सुरू. बाबांना दर महिन्याला सेवाग्रामला दवाखान्यात न्यावं लागते. मागच्या खेपेला वडनेरजवळ भर उन्हात त्यांना रस्त्याच्या कडेला बसवून ठेवावं लागलं. स्कॅनरवर पी ०३३५ हा बिघाडाचा कोड आला. मेकॅनिक म्हणते ईसीएम गेला, जुना बसवून देतो, २२,००० लागतील. बसवू का जी?

वणीकर
ईसीएमला हात लावू देऊ नका, भाऊ. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिन फिरते ते ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटची तक्रार. दोन पिनचा सेन्सर असला तर आत बारीक तारेची गुंडाळी असते. तापली की तुटते, थंड झाली की जुळते. आता बंद पडली की स्कॅनर लावून स्टार्टर मारा. इंजिन फिरते पण आरपीएम शून्य दिसते, तर सिग्नलच येत नाही. मग चावी काढून सेन्सरवर ओलं फडकं धरा. लवकर सुरू झाली तर चोर सापडला.

हिंगणघाटचा शेतकरी
वायरिंगही पाहा जी. माझी गाडी कापसाच्या गंजीशेजारी उभी राहायची. मी भंगारातला ईसीएम आणला, तर चावीचं इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) जुळेना, इंजेक्टरचे कोडही टाकावे लागतात म्हणे. १८,००० पाण्यात गेले. शेवटी निघालं काय? उंदरानं क्रँक सेन्सरची वायर कुरतडली होती, तांब्याचे दोनच धागे उरले होते. अजून जीव हळहळते.

कपाशीवाला, पांढरकवडा
अन् सेन्सर कोणता घेऊ? दुकानात ३५० चाही आहे.

वणीकर
तो नको, माझ्याकडं एक उन्हाळा नाही टिकला. जुन्यावरचा पार्ट नंबर वाचून ओरिजिनलच घ्या. बसवताना जागा पुसा, तिथं लोखंडाचा बारीक भुसा जमते. एवढ्यानंही नाही जमलं तर तुमचाच ईसीएम नागपूरला बेंचवर तपासून आणा. तोच दुरुस्त झाला तर चावी-कोडची भानगड राहत नाही.

कपाशीवाला, पांढरकवडा
आज दुपारी मुद्दाम तापवली. बंद पडली, आरपीएम शून्य. ओलं फडकं धरलं, सात मिनिटांत सुरू! वायर पूर्ण उघडून पाहिली, शाबूत आहे. सेन्सर सांगून ठेवला, शनिवारी येते. मंगळवारी बाबांची तारीख आहे. लय उपकार झाले, भाऊ.